मोकळी आघाडी

पिवळी टोपी.

पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढू नये. घाईत उलटी धरली की तळहातात घुसते.

वर्तमानपत्राच्या कचेरीत हवामानाचं सदर लिहिणारीच्या खुर्चीला एक चाक नव्हतं, आणि तरी ती बाई कधी कलंडली नाही.

नणंद दात घडवते. आधी मेणाचे, मग प्लास्टरचे, शेवटी कुणाच्या तरी तोंडात जाणारे खरेखुरे खोटे. बोलताना माणसाचा वरचा ओठ बघावा, असं ती म्हणते. खालचा कुणालाही वाकवता येतो.

दूध आघाडीवर, चहा लगत, भात मागे, खूप मागे.

पहिल्या चारशे मीटरांत सगळे घोडे थापा मारतात.

पिवळी टोपी.

हे दोन शब्द नवरा शनिवारी बोलला, चौथ्या शर्यतीत, सहाशे मीटरच्या खांबापाशी. "पाच, पिवळी टोपी," असं म्हणाला आणि तिची पेन्सिल थांबली. पाच लिहून झाला होता. पिवळ्या टोपीला तक्त्यात घर नव्हतं. ती ते घर शोधत राहिली, म्हणजे शोधत राहिली असंही नाही, पायरी नसलेल्या जागी पाऊल पडावं तसं काहीतरी झालं, आणि तेवढ्यात तो पुढचे आकडे बोलून गेला. तिच्या पाठीमागे, अगदी मानेजवळ, हवामान, म्हणजे कचेरीतली ती सदर लिहिणारी, म्हणाली, "हां, दिसला." मग शर्यत संपली, खाली प्रेक्षकांचा आवाज उठून बसला, आणि तक्त्यात आठ नंबरच्या घोड्यापुढे, सहाशेच्या रकान्यात, एक पांढरा चौकोन तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिनं चौकोन मोकळा सोडला नव्हता. तो इतका स्वच्छ दिसत होता की बाकीचा कागद तिला मळका वाटायला लागला.

काम असं होतं. प्रेक्षकांच्या माथ्यावर, छपराला लागून, वर्तमानपत्रासाठी फळ्या ठोकून केलेली एक खोली होती. सगळे तिला खोका म्हणत. खोक्यात दोन माणसं मावत. तो दुर्बीण लावून उभा राहायचा, ती त्याच्या कमरेशी स्टुलावर बसून मांडीवरच्या पाटीला कागद चिमट्यानं लावून लिहायची. दर दोनशे मीटरांवरच्या खांबापाशी कुठला घोडा कितवा, पुढच्यापासून घोड्याच्या किती लांबी मागे, आतून की बाहेरून, जॉकी हलतोय की बसून आहे, हे तो बोलायचा. ती लिहायची. मान वर करायची नाही हा एकच नियम. मान वर केली की दोन घोडे गेलेच. त्यामुळे शर्यतींच्या धंद्यात अर्धं आयुष्य काढलेल्या या बाईनं गेली कित्येक वर्षं शर्यत पाहिलेली नव्हती. तिला घोडे त्याच्या आवाजातून माहीत होते. आघाडीला लागणाऱ्या घोड्याचा आकडा तो जिभेच्या टोकावरून टाकायचा. मागून येणाऱ्याचा आकडा घशातून यायचा, थोडा आधीच, जणू तो घोडा यायच्या आत त्याची चाहूल त्याच्या नरड्याला लागायची. सात म्हणायच्या आधी तो ओठ ओले करायचा. त्या ओल्या आवाजावर तिची पेन्सिल सातच्या ओळीपाशी जाऊन थांबलेली असायची. बायकोला नवऱ्याचं जे माहीत असतं ते तिला होतंच, पण हे त्याहून आतलं होतं, हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं.

आणि त्या तक्त्यांतून ती दुसरं काम करायची, ज्याच्यासाठी लोक शनिवारचा अंक घ्यायचे. येत्या शर्यतीत कोण पुढे जाणार, कोण त्याला लगटून पळणार, कोण मागे बसून वाट बघणार, आणि हे सगळे एकमेकांशी कसे भिडणार. घोडा किती चांगला, हे तिला विचारण्यात अर्थ नसे. तो कुणाबरोबर पळतोय ते आधी सांगा, असं ती म्हणायची. पुढे पळणारे दोन असले की एकाला दुसऱ्याचं पुढे असणं सोसत नाही. दोघं एकमेकांना जाळत नेतात आणि शेवटच्या वळणानंतर दोघांच्या पायांत काही उरत नाही. मग मागचा येतो, ज्यानं काहीच केलेलं नसतं, आणि घेऊन जातो. पण पुढे पळणारा एकटाच असला, त्याला दाबणारं कुणी नसलं, तर तो मनासारखा वेग लावतो, श्वास घेत घेत पळतो, आणि शेवटी बाकीचे धापा टाकत येतात तेव्हा हा नुकताच घरातून निघाल्यासारखा ताजा असतो. याला तिनं मोकळी आघाडी असं नाव दिलं होतं. वाचक आता तो शब्द सर्रास वापरत, चहाच्या टपरीवर, राजकारणाबद्दल बोलतानासुद्धा.

हवामान हे नाव कचेरीनं ठेवलेलं. आधी ती हवामानाचं सदर लिहायची. ते सदर आता यंत्रातून आपोआप यायला लागलं आणि संपादकांनी तिला शर्यतींवर टाकलं. आज हवामान कसं आहे असं कुणी विचारलं की ती मान तिरकी करून, "ढगाळ, दुपारनंतर चहा," म्हणायची. लोक हसायचे. वाईट मुलगी नव्हती. म्हणजे मुलगीही नव्हती, चाळिशीला टेकलेली होती, पण कुठल्याही नव्या जागी ती दार उघडून आत यायची तेव्हा मुलगी वाटायची. खोक्यात मावत नव्हती म्हणून दाराच्या चौकटीत उभी राहायची, आणि तिच्या अंगाला साबणाचा वास नसायचा, धुतलेल्या पाटीचा यायचा. खडू पुसल्यावर येतो तसा.

घरी आल्यावर त्याने बूट काढले, तिनं चहा ठेवला.

"पिवळी टोपी कशाला म्हणालास?"

"कधी?"

"चौथ्याला. सहाशेपाशी. पाचाला म्हणालास."

"म्हणालो असेन. अगं, तिला लांबून आकडे दिसत नाहीत अजून. टोप्यांवरून ओळखते. सवय होईपर्यंत."

"कुणाला सवय?"

"तिला. आणखी कुणाला?"

"माझा आठ नंबर हुकला त्यात."

"तुझा?" तो बुटाची नाडी हातात धरून हसला. कौतुकानं हसला, हे जास्त वाईट होतं. "तुझा हुकला? मग तिला विचार ना. तिनं बघितला असणार. डोळा चांगला आहे तिचा."

चहा उतू गेला नाही. ती त्याच्याकडे बघत होती आणि तरी हातानं वेळेवर गॅस बारीक केला. डोळा चांगला आहे. या वाक्यात काही नव्हतं. संपादकांसमोर म्हणावं, टपालवाल्यासमोर म्हणावं, असं वाक्य. तिनं ते कपाबरोबर त्याच्या हातात दिलं आणि स्वतःचा कप घेऊन खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. धूळ सरळ खाली न जाता आधी जरा वर गेली. तिला वाटलं, त्याने तिला हात लावला असता तर किती सोपं झालं असतं. हात लावणं ही जगाला कळणारी गोष्ट आहे. नणंद प्लास्टर फोडायची हातोडी घेऊन भावाच्या दारात उभी राहिली असती. पण कुणाकडे जाऊन सांगायचं, की माझ्या नवऱ्याने परक्या बाईला टोपीचा रंग सांगितला? मला कधी सांगितला नाही, कारण मला लागत नव्हता. मला लागत नव्हता, हेच तर आमचं होतं.

लग्न झालं तेव्हा ती दोघं एका बिस्किटाच्या कारखान्यामागे राहायची. एक खोली, एक शेगडी. शर्यती नसलेल्या दिवशी त्याच्या तोंडाला चैन पडायची नाही. शेगडीसमोर पोळपाट उलटा धरून तो दुर्बिणीसारखा डोळ्यांपुढे न्यायचा आणि बोलायला लागायचा. दूध आघाडीवर, चहा लगत, भात मागे, खूप मागे. दूध उसळतंय, दुधाला कुणी आवरत नाहीये, चहा बाहेरून येतोय. ती भिंतीवर बोटानं लिहायची. बोटाला चुना लागायचा. तो "निकाल?" म्हणायचा आणि ती पांढरं बोट दाखवायची. हे केव्हा बंद झालं? कुठलीही गोष्ट शेवटची होते तेव्हा कुणी खांबापाशी उभं राहून ओरडत नाही. घर बदललं, शेगडी दोन बर्नरची झाली, मग चारची, आणि कुठल्यातरी बर्नरवर ते बोलणं राहून गेलं. तिला त्याची आठवणही येत नव्हती. आता येत होती, आणि आठवणीत पोळपाट धरलेला तो तिच्याकडे पाठ करून उभा होता, दाराच्या चौकटीकडे तोंड करून.

घर. पहिला खांब. हवामान आघाडीवर, सहज. तो लगत, बाहेरच्या बाजूनं. ती मागे, लगाम राखून.

आठ नंबरचा चौकोन तिनं मोकळाच छापायला दिला, तिथे एक आडवी रेघ मारून. छापखान्यातल्या जुळाऱ्याने फोन करून विचारलं, "ताई, इथे काही राहिलं का?" ती म्हणाली, "नाही." विचारायला एक फोन पुरला असता, हवामान आनंदानं बोलली असती, ओठांवर पेन आपटत म्हणाली असती, थांबा हं ताई, आठ ना, आठ. ते थांबा हं तिला ऐकायचं नव्हतं.

मंगळवारी दुपारी तो जेवून आडवा झाला. ती वाळलेले कपडे घड्या करत पलंगाच्या कडेला बसली होती. झोपेत तो आकडे पुटपुटायचा, ही जुनी गोष्ट. पूर्वी ती त्याच्या पाठीवर बोटानं ते लिहायची आणि तो झोपेतच खांदा हलवून माशी उडवायचा. आज तो म्हणाला, "चार." तिचं बोट आपोआप उचललं गेलं. मग तो म्हणाला, "चार, निळी बाही." हातात त्याचा सदरा होता, निळा नव्हता, तरी तिनं त्याच्या बाह्या पाहिल्या. नंतर तिनं तो सदरा घडी न करता गोळा करून कपाटात कोंबला, दार लावलं, पुन्हा उघडलं, बाहेर काढला, घडी केली. पोटात काहीतरी उभं राहिलं होतं, भूक लागल्यावर राहतं तसंच. तिला नवल वाटलं, मत्सर आणि भूक एकाच जागी राहतात, शेजारी शेजारी, आणि एकाची कडी वाजली की दुसरंही दार उघडतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उभ्यानं गार भात खाल्ला, मीठ न घालता.

तो उठला तेव्हा त्याने बोलायचं ठरवलेलं होतं. चूळ भरायला जरा जास्त वेळ लावला त्यावरून तिला कळलं.

"संपादक म्हणत होते," तो टॉवेलातून म्हणाला, "पुढच्या हंगामापासून तुला कचेरीत बसवावं. फक्त अंदाज लिहायला. मोठं टेबल, उजेडाची जागा."

"आणि खोक्यात?"

"खोक्यात दोघंच मावतात ना."

"ते मला माहीत आहे. मी मोजलं नव्हतं कधी, पण माहीत आहे."

"तुझी मान दुखते म्हणून म्हणतोय. दर रविवारी तेल चोळत बसतेस. ही काही शिक्षा नाही गं. तुझ्या अंदाजांवर तर अंक खपतो."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हवामानला लिहिता येतंय का ते बघतो आधी. शनिवारची मोठी शर्यत होऊ दे, मग सांगतो."

"म्हणजे तू सांगणार."

"मीच सांगणार. दुसरं कोण आहे तिथे?"

टॉवेल खाली आला. चेहरा धुतलेला, निर्मळ, खरोखर तिच्या मानेची काळजी असलेला. तिनं वरचा ओठ पाहिला. वरच्या ओठावर काहीच नव्हतं. लबाडी असती तर तिला धरायला एक काठ मिळाला असता.

नणंदेचं दुकान एका तळघरात होतं. रस्त्याच्या उंचीवर एकच खिडकी, तिच्यातून लोकांचे घोटे दिसायचे. बाकावर ओळीनं जबडे मांडलेले, काही हसरे, काही नुसतेच उघडे. नणंद स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून मेण कापत होती आणि वहिनीचं ऐकत होती, मध्ये मध्ये एखाद्या जबड्याला नखानं टिचकी मारत.

"भांड की मग," ती म्हणाली. "भांडायला काय पैसे पडतात? माझ्या भावाशी भांड, नाहीतर तिच्याशी भांड. दोघांना समोरासमोर बसवून भांड."

"भांडून काय होईल?"

"तुला बरं वाटेल. आणि त्याला कळेल. त्याला आपोआप काही कळत नाही गं, लहानपणी आईनं सांगितल्याशिवाय याला स्वतःचा ताप कळायचा नाही."

"पुढे दोघी भिडल्या की दोघी दमतात," ती म्हणाली. "असं होतं नेहमी. मी तिला धरायला गेले की आम्ही दोघी जळणार."

"आणि मग मागून कोण येऊन घेऊन जाणार? मी?" नणंदेनं सुरी दिव्यावर धरली. "नको बाई. तो घोरतो."

ती हसली. खूप दिवसांनी हसली आणि हसताना तिला ते दिसलं, एखाद्या शर्यतीचा आराखडा कागदावर उमटायच्या आत दिसतो तसं, पूर्ण. हवामान पुढे पळणारी होती. अशांना सुरुवात फार छान जमते. नव्या कामात पहिल्या चारशे मीटरांत त्या असं काही पळतात की बघणाऱ्याला वाटतं, आता हिला कोण धरतंय. पण तिला खऱ्या वेगानं लिहावं लागलेलं नाही. मागे उभं राहून "हां, दिसला" म्हणणं वेगळं आणि स्टुलावर बसून बारा घोडे कागदावर उतरवणं वेगळं. मोठ्या शर्यतीत नवरा बोलायला लागला की श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. तिथे दाबायला जायची गरजच नाही. वेगच तिला दमवेल. आपण मागे राहायचं, लगाम राखून, आणि शेवटच्या वळणाची वाट बघायची.

"काय ठरवलंस?" नणंद म्हणाली.

"काही नाही करणार."

"हे तू मला विचारायला आलीस?"

"सांगायला आले."

नणंदेनं मेणाचा एक दात सुरीच्या टोकावर घेऊन उजेडात धरला. "तुमच्या घोड्यांचं मला काही कळत नाही, वहिनी," ती म्हणाली. "पण तोंडात एक जागा मोकळी राहिली ना, की शेजारचे दात तिथे सरकतात. कुणी ढकलावं लागत नाही त्यांना."

ते वाक्य तिनं घरी नेलं नाही. तिथेच जबड्यांच्या रांगेत राहू दिलं.

गुरुवारी तिनं मोठ्या शर्यतीचा अंदाज लिहिला आणि तो तिच्या आयुष्यातल्या चांगल्या लिखाणापैकी होता. बारा घोडे, सोळाशे मीटर. पुढे पळणारे दोनच: काचेचा पूल आणि तिसरी घंटा. काचेचा पूल हा देखणा घोडा. एकदा पुढे गेला की मागे बघत नाही, पण कुणी कानाशी आलं की बिथरतो. तिसरी घंटा ही घोडी काही जिंकणारी नव्हे, पण तिला दुसऱ्याची पुढे असलेली शेपटी बघवत नाही. फाटक उघडलं की ती जो कुणी पुढे असेल त्याच्या कानाशी जाते आणि त्याला आणि स्वतःला संपवते. मागे धाकटी राणी, धीराची, शेवटच्या चारशेत झाडासारखी वाढत जाणारी. तिसरी घंटा काचेच्या पुलाला खाणार, आणि धाकटी राणी दोघांना ओलांडून जाणार. तिनं लिहिलं, तिसऱ्या घंटेच्या जिंकण्याकडे बघू नका, तिच्या असण्याकडे बघा. वाक्य लिहून झाल्यावर ती ते बराच वेळ बघत राहिली, पण बाहेरून कुणीतरी दार वाजवलं आणि ती उठली.

घर. आठशेचा खांब. हवामान आघाडीवर. तो लगत. ती मागे, अजून राखून, काही हालचाल नाही.

शनिवारी सकाळी मैदानावरच्या सूचनाफलकापाशी गर्दी होती. खडूनं लिहिलं होतं: तिसरी घंटा बाद, खोकला. तिनं ते वाचलं आणि मागे येणाऱ्या नवऱ्याला, अजून तो फलकापर्यंत पोचलाही नव्हता, म्हणाली, "संपलं. काचेचा पूल."

"धाकटी राणी नाही?"

"त्याला दमवणार कोण? ज्या घोडीनं काही जिंकायचं नव्हतं तीच शर्यत बनवणार होती. ती गेली. आता तो एकटा पुढे जाईल आणि हवं तेवढं हळू पळेल."

"आणि तू छापलंयस धाकटी राणी."

"छापलेलं घोड्यांना वाचता येत नाही."

तो मोठ्यानं हसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जिना चढताना तिला वाटलं की सगळं होतं तसंच आहे. हे तिला एका ओळीत दिसलं होतं, खडूच्या एका ओळीत, इतरांनी डोकी खाजवून चष्मे पुसायच्या आत. तिला स्वतःचा अभिमान वाटला. अभिमानात माणूस दोन पायऱ्या एकदम चढतो.

खोक्यात हवामान आधीच चौकटीत उभी होती.

"आज तू लिही," ती हवामानला म्हणाली.

"मी?" हवामाननं तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "ताई, मोठी शर्यत आहे. बारा घोडे आहेत."

"अकरा. एक कमी झालाय तुझ्यासाठी."

नवऱ्याने दुर्बीण गळ्यात अडकवता अडकवता विचारलं, "नक्की?"

"नक्की. मला मान दुखते ना."

हवामान स्टुलावर बसली. आधी जरा पुढे सरकली, मग मागे; दुसऱ्याच्या वजनाला सरावलेलं स्टूल तिला बोचत असणार. ती स्वतः चौकटीत जाऊन उभी राहिली. चौकटीतून बरंच दिसत होतं. हिरवळ एवढी मोठी असते, हे ती विसरली होती. पांढरे खांब, दूरवर फाटकांची ओळ, तिच्यामागे पाण्याचा टँकर आणि टँकरवर पाय हलवत बसलेला एक माळी. तिला वाटलं, चारशेच्या खांबापाशी, जास्तीत जास्त सहाशेच्या, पहिला चौकोन हुकेल. मग दुसरा. चौकोन एकटा हुकत नाही. हवामान मान वर करेल, आणि ती मान वर झालेली आपण इथून बघू.

फाटकं उघडली. तिनं कान लावले.

नवरा हळू बोलत होता.

तिला आधी वाटलं, आपण उभ्या आहोत म्हणून आवाज वेगळा येतोय. पण तो हळू बोलत होता. "एक, लाल टोपी, आघाडीवर. दोन लांबी. मग चार, निळी बाही." थांबला. पेन्सिलीचा आवाज आला, गुळगुळीत, न अडखळणारा, आणि तो आवाज संपेपर्यंत तो थांबला होता. तिच्यासाठी तो कधी थांबला नव्हता. मग ओठ ओले केले. चौकटीतूनसुद्धा तिला ते ऐकू आलं, आणि तिचा हात हवेत सातच्या ओळीकडे गेला, आणि स्टुलावरून हवामान म्हणाली, "सात?" आणि तो म्हणाला, "सात." मग म्हणाला, "मागचे चौघं एकत्र." एकत्र. तिच्यासमोर हा शब्द काढला असता तर तिनं तोंडावर पाटी मारली असती.

आणि खाली काचेचा पूल एकटा पुढे होता. त्याच्यावरचा जॉकी हलत नव्हता. घोड्याचे कान इकडे तिकडे फिरत होते, फिरायला निघालेल्या माणसानं दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तसे. त्याच्या कानाशी कुणी नव्हतं. मागच्या दहांतला प्रत्येक जण दुसरा कुणीतरी जाईल म्हणून बसून होता. सगळ्यांत मागे धाकटी राणी, मान वाकवलेली, लगाम घट्ट, पायांत सगळं जिवंत. राखून ठेवलेला घोडा फार सुंदर दिसतो. चौकटीत उभ्या उभ्या तिला ते सौंदर्य सोसेना. जा ना कुणीतरी, असं तिला वाटलं, जा त्याच्या अंगावर, हरलात तरी चालेल, पण त्याला असं एकट्याला सोडू नका. वेग दमवेल असं तिनं धरलं होतं. वेग लावणारा कोण असेल, हे धरलंच नव्हतं. इतकी वर्षं ती लोकांना नेमकं तेच सांगत आली होती. सकाळी खडूची ओळ वाचून फलकापाशी तेच बोलली होती, आणि वर येऊन स्वतःच्या हातानं स्टूल पुढे सरकवलं होतं.

काचेचा पूल जिंकला, अंगाला घाम न येता. धाकटी राणी दुसरी आली, झाडासारखी वाढत. खांब ओलांडल्यावर काही ढांगांत तिनं त्याला गाठलं आणि मागे टाकलं. तोवर लोक खाली बसले होते.

हवामाननं कागद चिमट्यातून काढून तिच्यापुढे धरला. "ताई, बघता का जरा?" अक्षर सरळ होतं. एकही चौकोन मोकळा नव्हता. फक्त हजारच्या रकान्यात चार घोड्यांना मिळून एक कंस होता.

"हे काय?"

"सर म्हणाले, एकत्र."

"एकत्र असं काही नसतं," ती म्हणाली. "एकाचं नाक तरी पुढे असतंच."

"मग कुठला होता पुढे?"

ती गप्प राहू शकली असती. कंस तसाच छापून गेला असता, कुणीतरी वाचकानं पत्र लिहिलं असतं, संपादकांनी भुवई उचलली असती. आतल्या मत्सरानं तिला तेवढं सुचवलं, अगदी कानाशी येऊन. पण तिनं ते घोडे पाहिले होते, आणि पाहिलेलं तोंडात थांबेना.

"दहा," ती म्हणाली. "नाकानं. मग दोन, आतून. आठ, अर्धी लांबी. सहा सर्वांत मागे, जॉकी हलतोय."

हवामाननं खाली मान घालून लिहिलं. टोप्यांचे रंग तिनं विचारले नाहीत. नवऱ्याने दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली आणि बायकोकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी हजारचा खांब तिथून बोटाएवढा दिसतो.

"मी सोमवारी काय सांगू संपादकांना?" त्याने विचारलं.

"सांग, लिहिते चांगली."

"आणि तू?"

ती जिन्याकडे वळली होती. खाली पुढच्या शर्यतीचे घोडे गोल फिरवायला आणत होते, आणि पाठीमागे पेन्सिलीला टोक काढल्याचा बारीक, कोरडा आवाज येत होता, जो आवाज आजवर फक्त तिचा होता. तिनं कठडा धरला. त्या आवाजाचा तिला इतका हेवा वाटला की दोन पायऱ्या उतरून ती थांबली, आणि तो संपेपर्यंत ऐकत राहिली.

खूप वर्षांपूर्वी, दोघांच्या पहिल्या हंगामात, दुर्बीण तिच्याकडे असायची आणि लिहायचा तो; त्याचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे, म्हणून अदलाबदल झाली.